अनुदान वाढवावे की घरी मदतनीस द्यावा?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक साहाय्य ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाले. त्याआधी जूनमध्ये अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू यांनी केलेल्या उपोषणात ६,००० रुपयांची मागणी होती. रोख रकमेची बाजू भक्कम आहे, कारण ती थेट खात्यात जमा होते आणि कशावर खर्चायची हे घरचेच ठरवतात. बँक दूर असली आणि यंत्रावर अंगठा उमटत नसला, की मात्र तीच रक्कम खात्यात पडून राहते.

दुसरा पर्याय काळजीवाहकाचा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, तोही शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. आमच्या शेजारचा पंचविशीतला मुलगा अंथरुणाला खिळलेला आहे. दर दोन तासांनी त्याची कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच वावरात निघतात आणि त्याची आई दारातून त्यांना जाताना पाहते. तिची बुडालेली मजुरी कोणत्याही अनुदानात मोजलेली नाही. दिवसातून चार तास प्रशिक्षित मदतनीस आला, तरी तिचा अर्धा रोज पदरात पडेल.

जो स्वतः टपरी किंवा शिलाई मशीन चालवू शकतो, त्याला रोख रक्कमच बरी. पूर्णवेळ आधार लागणाऱ्या घरांत मात्र मी मदतनीसाला अग्रक्रम देईन, अर्थात त्याचे मानधन महिनोन्महिने रखडणार नसेल तर.