कीव न करणारी पुस्तकं

पुस्तक वाचून खाली ठेवताना मी एकच बघते. लेखकाला आपल्या माणसांची कीव आलेली आहे का? आली असेल तर माझ्याकडून निम्मे मार्क गेले, मग भाषा कितीही गोड असो. आमच्या बेळगावच्या वडगावात मागवाल्यांवर लिहायला लोक येतात, धोट्याचे फोटो काढतात, 'बिचारे विणकर' असं छापतात आणि जातात. सुताचा भाव काय, मजुरी काय, हे छापायचं राहूनच जातं. तेव्हापासून बिचारेपणाशी माझं वाकडं आहे.

यंदा पावसाळ्यात मागाला काम बेताचंच होतं. सुताच्या कांड्या भरून झाल्या की दुपार मोकळी, आणि वीज गेली तर विचारूच नका. तेवढ्यात जे वाचलं त्याबद्दल लिहिते. नवी पुस्तकं थोडी, जुनी जास्त. वाचनालयात नव्या पुस्तकाला नंबर लावावा लागतो, आणि माझ्या आधी नेहमी कुणीतरी रिटायर मास्तर असतात.

राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. पहिली जोगतिणीची, म्हणजे यल्लम्मादेवीला सोडलेल्या बाईची, दुसरी जोगत्याची, म्हणजे तसंच सोडलेल्या पुरुषाची. यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर आमच्याच जिल्ह्यातला, त्यामुळे 'उदं गं आई उदं' लहानपणापासून कानावर. मार्गशीर्षात कोल्हापूरकडच्या गाड्या भरभरून जाताना बघायच्या. दारात डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेऊन कुणी आलं की आजी सुपातून जोंधळे घालायची, कपाळाला भंडारा लावून घ्यायची, पाया पडायची आणि आम्हा पोरींना मात्र डोळ्यांनी आत जायला सांगायची. पाया पडायचं ते कुणाच्या आणि लपवायचं ते कुणापासून, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. गवस तेच बोलतात. केसात जट निघाली की तेलफणी बाजूला राहते आणि घर कौल मानून बसतं. मग देवीच्या नावानं सोडलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, रात्र कशी जाते, पोटाला कोण घालतं, हे सगळं आलंय. कर्नाटकानं देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा केला 1982 साली. दोन्ही कादंबऱ्या त्यानंतरच्या. कायदा झाला म्हणून जट सुटत नाही, हे त्यात कुणी भाषण करून सांगत नाही, तरी कळतं.

दोन्हींत मला 'भंडारभोग' वरचढ वाटली. 'चौंडकं' वाचताना पुढे पुढे दुःखावर दुःख रचल्यासारखं होतं, श्वास घ्यायला जागा उरत नाही. 'भंडारभोग'मध्ये पुरुषाला लुगडं नेसवल्यावर त्याच्या वाट्याला काय येतं ते आहेच, पण जोगत्यांची आपापसातली थट्टा, रुसवे, मानपान हेही आहे. ती माणसं फक्त सोसत नाहीत, जगतातही. बोली गडहिंग्लजकडची. पुण्याची भाची पहिल्याच पानांवर अडखळली आणि पुस्तक ठेवून दिलं. मला काही अडलं नाही, आमच्याकडे भाजीवालीसुद्धा तसंच बोलते.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ते वाचायचं होतं. धरणात गाव गेलं, माणसं दुसरीकडे नेऊन वसवली, मागं राहिलेल्या म्हशी रानटी झाल्या, आणि त्यांतली आपली परत आणायला एक माणूस जुन्या गावाच्या रानात शिरतो. गोष्ट एवढीच. पण माणूस आणि म्हैस एकमेकांना जोखत फिरतात ती पानं वाचताना मी चुलीवरची आमटी विसरले. आईचं माहेर हुक्केरी तालुक्यातलं, हिडकल धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं आणि लोक सहकुटुंब बघायला जातात, भेळ खातात, सेल्फी काढतात. मामा मात्र कधी गेला नाही. "जाऊन काय करू, माझं घर कुठं वर येतंय?" म्हणायचा. त्याला वाचता आलं असतं तर मी 'रिंगाण' आधी त्याच्या हातात दिलं असतं. एक सांगते, सुरुवातीला धीर धरा. वाक्यं रानवाटेसारखी वळत जातात, मुक्काम कुठं ते लवकर दिसत नाही.

मध्ये जी. ए. कुलकर्णींचं 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' पुन्हा काढलं. जी. ए. एकसंब्याचे, वाढले बेळगावात, शिकवलं धारवाडला. हे पुस्तक घाईत वाचायचं नाही. मी घाईत वाचलं, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

आता गिरीश कार्नाडांचं आत्मचरित्र, 'खेळता खेळता आयुष्य'. मुलानं मुखपृष्ठ बघून विचारलं, "मम्मी, हा टायगरमधला म्हातारा की?" होय, तोच. आमच्या पिढीला 'मालगुडी'तला स्वामीचा बाप, यांच्या पिढीला सलमानचा साहेब. नाटकं लिहिणारा कार्नाड बाजूलाच राहिला.

या पुस्तकाची अर्पणपत्रिका आधी वाचा. पुण्याच्या डॉ. मधुमालती गुणे यांना ते अर्पण केलंय. का, तर गिरीश पोटात असताना हे मूल नको म्हणून आईवडील त्यांच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या नाहीत. तासभर वाट बघून दोघं उठून आली. हे पुढे आईनंच जेवता जेवता सांगितलं, मुलगा नावारूपाला आल्यावर! दुसऱ्या कुणी यावर दहा पानं गहिवर काढला असता. कार्नाड आभार मानतात आणि पुढे जातात. आई कमी वयात विधवा झालेली, पदरात एक मुलगा. नर्सचं काम शिकली आणि डॉ. रघुनाथ कार्नाडांशी तिनं पुन्हा संसार मांडला, त्या काळात. तिच्याबद्दलची पानं मी दोनदा वाचली. तिथं मुलगा आईचा देव करत नाही, तिच्या गप्प बसण्याचीही नोंद घेतो.

धारवाडचा भागही फार चांगला आहे. मनोहर ग्रंथमाला या प्रकाशनाचा तो माडीवरचा 'अट्ट', तिथं प्रकाशक जी. बी. जोशी आणि समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी बसलेले, आणि हा पोरगा विलायतेला जाण्याआधी लिहिलेलं 'ययाती' घेऊन त्यांच्यापुढे. नाटक छापून आलं 1961 साली. कवी ए. के. रामानुजनही येतात. ते एके काळी आमच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मी त्या रस्त्यानं हजारदा गेले असेन, कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमाचा भाग मात्र पुढे पुढे नावांनीच भरलाय. कोण कुणावर रुसला ते त्यांनाच ठाऊक. तिथं मी पानं उलटली.

हे पुस्तक मराठीत आणलंय उमा कुलकर्णींनी, आणि त्या मूळच्या बेळगावच्या. त्यांचं स्वतःचं 'संवादु अनुवादु' मी लगेच पाठोपाठ घेतलं. कन्नड पुस्तक त्यांचे यजमान विरूपाक्ष वाचून टेप करून ठेवायचे, उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. घरकाम, पाहुणे, आजारपण आणि मध्येच टेप थांबवून लिहिणं. मोठ्या लेखकांच्या भेटीगाठी बऱ्याच आहेत, त्यातल्या काही कमी चालल्या असत्या. पण एक बाई रोज थोडं थोडं काम करत डोंगराएवढं काम कसं उभं करते ते बघायला हे पुस्तक वाचावं. आमच्या भिशीत मी सगळ्यांना सांगितलं. दोघींनी नेलं, एकीनं वाचलं.

त्यांच्याच अनुवादातून कन्नड कादंबरीकार भैरप्पा. 'आवरण' 2007 सालची, खपाची मोठी चर्चा झालेली. लग्नासाठी लक्ष्मीची रझिया झालेली बाई वडलांच्या मागे गावी येते, त्यांची पुस्तकं वाचते आणि इतिहासावर कादंबरी लिहायला घेते. कादंबरीतच संदर्भग्रंथांची यादी आहे, आणि माझी तक्रार तिथंच आहे. विचार पटो न पटो, इथं माणसं कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलतात. एकही जण उगाच काही बोलत नाही, कुणाला भूक लागत नाही. वाद जिंकण्यासाठी माणसं उभी केली की ती उभीच राहतात.

आणि याच माणसानं 'वंशवृक्ष' लिहिली! ती 1965 ची. तिच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. तिच्यावरच कार्नाडांनी बी. व्ही. कारंतांबरोबर 1971 मध्ये सिनेमा काढला. पुढे टिपू सुलतानावरून भैरप्पा-कार्नाडांची वर्तमानपत्रात चांगलीच जुंपली, तो भाग वेगळा. 'वंशवृक्ष'ही विधवेच्या पुन्हा लग्नाची गोष्ट. कात्यायनी कॉलेजात जाते, राजाशी लग्न करते, मुलगा सासऱ्यांकडे राहतो. कार्नाड स्वतः पुन्हा संसार मांडलेल्या आईचा मुलगा. त्यानं हा सिनेमा करताना मनात काय काय आलं असेल, हे मला राहून राहून वाटतं.

सासरे श्रीनिवास श्रोत्री असे उतरलेत की त्यांच्याशी भांडावंसं वाटतं आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटतं. पण कात्यायनीची गर्भपातामागून गर्भपात होऊन जी दशा होते ती वाचून मी जाम चिडले. कीव नको म्हणते मी, पण शिक्षा द्या असंही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या लग्नाची एवढी किंमत तिनंच का मोजायची? राजा मजेत असतो असं नाही, पण शरीर तिचं झिजतं.

धाकट्या जाऊबाईंचं मत अगदी उलट. "शिक्षा लेखक देत न्हाई वैनी, तिचं तिलाच खातंय ते. पोर सोडून आलीया ती," असं त्यांनी कांडी मशीन बंद करून मला ऐकवलं. मी म्हटलं, पोर तिनं सोडलं की तिच्याकडून ठेवून घेतलं, ते पान काढून दाखवा. म्हणून पुस्तक सध्या त्यांच्याकडे आहे. पान अजून सापडलेलं नाही, आणि वाचनालयाची तारीख उलटून दंड सुरू झालाय. तो कुणी भरायचा यावरही आमचं एकमत नाही.