गोव्याच्या हवेत विमानाच्या टाकीसाठी कोणता फोम?

विमान दाबोळीला उभं आहे, इंधनटाकीतला जुना फोम बदलायचा आहे आणि मॅन्युअल एकाहून जास्त प्रकारांना परवानगी देतं. अशा वेळी निवड कशी करायची, ते सांगतो.

फोम कुठलाही घ्या, तो जाळीदार आणि जवळजवळ 97 टक्के पोकळ असतो. टाकीत ठिणगी पडली तरी ज्वाळा पसरू न देणं हे त्याचं काम.

केशरी फोम पॉलिएस्टरचा. त्याचा वैरी ओलावा. उष्ण, दमट हवेत पाण्याने त्याची रचनाच तुटते. असा एक जुना ठोकळा मी चिमटीत धरला, तर नानकटाईसारखा भुगा हातात आला. हा भुगा इंधनाबरोबर वाहत फिल्टरमध्ये अडकतो. जूनमध्ये वास्कोत कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. तिथे केशरी फोम मी घेणार नाही.

निळा फोम पॉलिईथरचा. पाण्याला तो दाद देत नाही, पण विजेलाही वाट देत नाही. इंधन जाळीतून घुसतं तेव्हा एक विद्युतभार इंधनाबरोबर जातो, विरुद्ध भार फोमवर राहतो आणि तिथेच साठतो. अमेरिकेच्या ए-10 आणि सी-130 विमानांत निळ्या फोममुळे या साठलेल्या भाराच्या ठिणग्या पडून आगी लागल्या. फोम करपला, पण त्यानेच आग पसरू दिली नाही.

‘गोव्यात एवढा दमटपणा, इथे कसली स्थिर वीज?’ असं हँगरमध्ये नेहमी ऐकू येतं. हा समज धोक्याचा आहे. भार इंधनाच्या आत तयार होतो. बाहेरची दमट हवा तिथे कामाची नाही. बाँडिंगची तार हवीच, पण ती विमान आणि टँकर यांना जोडून त्यांच्यातला विद्युतभाराचा फरक मिटवते. निळ्या फोमच्या पोटातला भार तिला ओढून काढता येत नाही.

म्हणून माझं मत वाहक फोमला. तो ओलाव्यात टिकतो आणि भारही वाहून नेतो. मागवायला वेळ लागला तरी थांबा.

टाकीत निळा आधीच असेल आणि तो चांगला असेल, तर लगेच उपसू नका. स्थिर वीज घालवणारं रसायन मिसळलेलं इंधन घ्या. त्याची वाहकता 50 ते 600 पिकोसीमेन्स प्रति मीटर असावी. इंधन टाकीत येण्याचं तोंड (इनलेट) इंधनात बुडेपर्यंत प्रवाह मंद ठेवा.

वाहक फोम बसवताना मात्र प्रत्येक ठोकळा शेजारच्या ठोकळ्याला आणि कडेचे ठोकळे टाकीच्या धातूला टेकलेत ना, हे हात घालून तपासा. सुटा राहिलेला तुकडा भार धरून बसतो.