कोल्हापूरला राजारामपुरीत कॉम्प्युटरची रॅम वाढवून घेतली, काम एक नंबर पण बिल नीट बघून घ्या

आमचं काम फ्लेक्स डिझाईनचं. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप ही डिझाईनची दोन्ही सॉफ्टवेअर उघडी, बाजूला क्रोममध्ये व्हॉट्सअॅप वेब, आणि शिवजयंती जवळ आली की प्रत्येक मंडळाला वीस बाय दहाचा बोर्ड आजच्या आजच पाहिजे, त्यात खाली कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग, एकाचा जरी राहिला तरी रात्री फोन. आठ जीबी रॅममध्ये हे होत नाय लगा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्याच्या खाली यायलाच तयार नाही, सेव्ह दाबायचं आणि चहाला जायचं.

मशीन तसं वाईट नाही, प्रोसेसर इंटेलचा आय फाइव्ह ९४००, एसएसडी आधीच बसवलेली. पहिल्यांदा ज्या दुकानात विचारलं (नाव नको) तिथं केबिनेटचं झाकण काढायच्या आधीच निकाल दिला, विंडोज टेनचा सपोर्ट संपला, आता नवीनच घ्या. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंय, पण इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर विंडोज इलेव्हनला चालतात, माझा तर नववीचा, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम हे सुरक्षेचं फीचर चालू करायचं तेवढं. गिऱ्हाईक बघून गंडवायचं काम नुसतं.

मग राजारामपुरीतल्या या जिन्याखालच्या दुकानात गेलो. जागा एवढीशी की दोन गिऱ्हाईकं आली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, पण काउंटरवरच्या पोरानं रॅमचा डबा काढायच्या आधी मदरबोर्डाचं मॉडेल विचारलं, तिथंच मला बरं वाटलं. एच ३१० बोर्ड, दोनच स्लॉट, एक रिकामा. मी म्हटलं ३२०० स्पीडवाली दे, तर म्हणाला, "दादा द्यायला देतो, पण तुमच्यात ती २६६६ वरच पळणार, जादा पैसे कशाला घालताय?" एकदम सोळाची कांडी टाकू काय विचारलं तर म्हणे आठला आठच लावा, रॅमचे दोन्ही चॅनल, म्हणजे डेटा जायचे रस्ते, पूर्ण चालतील, आणि तुमच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पण हीच रॅम खातंय, तिथं फरक पडतो. स्वतःचं बिल कमी करून सांगणारा दुकानदार, घ्या आता.

बसवताना बघण्यासारखं होतं. वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, ब्लोअर मारला तर माझ्या केबिनेटमधनं एवढी धूळ निघाली की शेजारचा मोबाईलवाला ओरडला. जुनी कांडी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरनं पुसल्या, मग दोन्हीच्या खाचा जुळवून दोन अंगठ्यांनी दाबल्या, क्लिपा टक्कन बसल्या. तरी पहिल्यांदा डिस्प्ले आलाच नाही, माझं काळीज खाली. पोरगं शांत, नवीन कांडी काढून परत दाबून बसवली आणि चालू. लगेच हातात दिलं नाही, विंडोजची मेमरी टेस्ट पूर्ण होऊ दिली, मग टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, स्पीड २६६६, दोन्ही स्लॉट भरलेले दाखवले.

आता रेट. मागच्या वर्षीच्या दुपटीच्याही वर, ऐकूनच घाम फुटला. पण हे सगळीकडंच आहे, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा माल उचललाय, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीनं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्यासारख्या गिऱ्हाईकांसाठीचा क्रुशल ब्रँडच बंद करणार म्हणून जाहीर केलं. त्याचा राग या पोरावर काढून उपयोग नाही. मला खटकलं ते वेगळंच, पहिली कांडी दाखवली ती सेकंडहँड होती आणि हे मी विचारल्यावर सांगितलं. त्यातलं त्यात स्वस्त म्हणून दाखवली म्हणे, असेल, पण आधी सांगायला काय झालं? मी नवीनच घेतली. बिलावर नुसतं "रॅम ८ जीबी" लिहिलेलं, सिरियल नंबर मागून लिहून घ्यावा लागला. वॉरंटीला गेल्यावर तोच नंबर बघतात, तेव्हा तुम्ही पण घ्या.

फ्लेक्सची फाईल आता उघडतीय पटकन, कोरल अजून अधनंमधनं अडकतंय पण तो कोरलचा जुना आजार.

जाताना फक्त केबिनेट न्या, मॉनिटर आणि केबल त्यांच्याकडं आहेत. गाडी लावायला जागा नाही, त्यामुळं मागं केबिनेट धरून बसायला कुणालातरी घेऊन जावा, आणि संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत ते पोरगं मेमरी टेस्ट लावायला मोकळं नसतंय.