सेमिनरी हिल्सकडची एक दिवसाची उपास-प्रार्थना रिट्रीट, लेन्टमध्ये एकदा तरी जाऊन याच

लेन्ट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, लागला की आपल्या नागपुरात उपास-प्रार्थनेचे मेसेज धडाधड यायला लागतात, पण उपास करायचा कसा हे नीट शिकवणारी जागा फार कमी, म्हणून मुद्दाम लिहून राहिली. सेमिनरी हिल्सकडे एका रिट्रीट हाउसमध्ये, म्हणजे रोजच्या कामापासून बाजूला होऊन प्रार्थना करायच्या जागी, लेन्टच्या शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा कार्यक्रम असतो. कॅथलिक लोकांचा आहे पण येऊ सगळ्यांना देतात, मी मेकोसाबागची, मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, तरी मला कोणी परकं वाटू दिलं नाही.

सगळ्यात आवडलं ते गेटवरच. नाव लिहितानाच सिस्टर प्रत्येकाला विचारत होत्या, शुगर आहे का, कुठली गोळी चालू आहे का, अंगावर पिणारं बाळ आहे का. माझ्या पुढे इन्सुलिन घेणाऱ्या एक काकू होत्या, त्या म्हणे "देवासाठी एक दिवस काही होत नाही जी सिस्टर". सिस्टरने सरळ सांगितलं, काकू तुम्ही वेळेवर जेवायचं आणि आज मोबाईल माझ्याकडे ठेवायचा, तोच तुमचा उपास. आणि खरंच काकूंसाठी वरण-भात-पोळी वेगळी काढून ठेवली होती. बाकीच्यांना पाणी आणि लिंबूपाणी केव्हाही, मार्चमधलं नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. चर्चचा नियमही असाच समजुतीचा आहे हे तिथे कळलं, कॅथलिकांना बंधनकारक उपास राखेचा बुधवार (लेन्टचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे एवढे दोनच दिवस, तेही 18 ते 59 वयाला, त्यात एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाता येतं, आजाऱ्याला सूट.

फादरांनी बायबलमधला मत्तय 6 घेतला, उपास करताना चेहरा पाडून फिरू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. मग यशया 58, खरा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. आणि हा अध्याय नुसता वाचून सोडला नाही म्हणूनच मी या रिट्रीटला इतके मार्क देते. आपण जे जेवण सोडणार त्याचे डाळ-तांदूळ घरूनच आणायला सांगितलं होतं, दुपारच्या शांत प्रार्थनेनंतर सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं आणि त्याच डाळ-तांदळाची खिचडी आपणच करायची, मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पेशंटच्या नातेवाइकांना वाटायला. सकाळपासून पोटात काही नाही, हाताने कांदा चिरून राहिलो, मोठ्या गंजात जिरं-मोहरी तडतडतेय, तो फोडणीचा वास नाकात जातोय आणि चव घ्यायलासुद्धा हात लावायचा नाही, मीठ बरोबर झालं का हे काकूंनी चाखून सांगितलं. गडचिरोली-चंद्रपूरकडून पेशंट घेऊन आलेली माणसं तिथे बाहेर सतरंजी टाकून झोपतात हे आपण जातायेता बघतोच, पण त्या दिवशी त्यांच्या भुकेचा विचार डोक्यात नाही, पोटात होता. आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, आमच्यातही सकाळचं सोडून रात्री दुप्पट ताटं भरणारे काही कमी नाहीत, इथे तसं करायची इच्छाच होत नाही. सोडताना भाताची पेज आणि वर थोडं तूप, बस.

शहरात दुसऱ्या एका ठिकाणी मी 21 दिवसांच्या उपासाला गेली होती, तिथे स्टेजवरून कोणाचे किती दिवस झाले ते जाहीर करत होते आणि नोकरी, व्हिसा, लग्न याची चिठ्ठी टाका म्हणत होते. मला ते मनापासून पटलं नाही. उपास म्हणजे देवाला अडवून धरणं नाही. योएल संदेष्टा तर कपडे नाही, हृदय फाडा म्हणतो. आमचा मेथॉडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला ते जॉन वेस्ली तरुणपणी बुधवार-शुक्रवार उपास करायचे, ते काही व्हिसासाठी नाही.

कमी काय वाटलं, तर दुपारचं भाषण लांबलं आणि अर्धं इंग्लिशमध्ये होतं, मागच्या आज्यांना काही कळून नाही राहिलं. क्रुसाची वाट, म्हणजे येशूचा क्रुसापर्यंतचा प्रवास आठवत टप्प्याटप्प्याने करायची प्रार्थना, भर उन्हात घेतली, ती सकाळी घ्यायला पाहिजे. मराठी गाणी दोनच झाली, तेवढ्यातही सगळे इतके मोकळे होऊन गायले की अजून हवी होती.

फी नाही, इच्छा असेल ते डब्यात टाका. नाव आधी द्यावं लागतं कारण खिचडीचा अंदाज त्यावरच घेतात. पहिल्यांदा उपास करणाऱ्यांनी आणि घरातल्या तरुण पोरांनी तर नक्की जावं. मराठी बायबल मात्र आपलं आपण न्या, तिथे हिंदी आणि इंग्लिशच ठेवलेलं असते.