कॅरव्हॅन घेऊन कोकण किनाऱ्यावर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला घेतलेली आमची कॅरव्हॅन जूनच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला परत आणून अंगणातल्या पत्र्याखाली लावली, तेव्हा मीटरवर सुमारे ६,४०० किलोमीटरची भर पडलेली होती. मूळची ही डिझेलवर चालणारी, आत ताठ उभे राहता येईल अशी प्रवासी व्हॅन. तिच्यातली आसने काढून पलंग, ओटा, लहान फ्रिज, शौचालय, १२० लिटरची पाण्याची टाकी, छतावर ४०० वॅटचे सौर पॅनेल आणि १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी बसवून घेतली आहे. मी मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनीच फिरायचे ठरवले होते. गाडी बांधून घेताना आमच्या ह्यांना एसी हवा होता आणि शौचालय म्हणजे जागेची नासाडी वाटत होती. माझे मत नेमके उलटे होते. वाद मिटेना म्हणून शेवटी दोन्ही बसवले. त्यात कोणाचे खरे ठरले ते पुढे येईलच, परंतु अधिक मनस्ताप दिला तो ज्यांच्यावर वाद घालायचेही आम्हाला सुचले नव्हते अशा गोष्टींनी.

कोकणात उतरायला आम्ही आंबोलीचाच घाट धरला. हा जुना बेळगाव–वेंगुर्ले रस्ता. एकेकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने बेळगावच्या छावणीपर्यंत चढत असे. तिलारीचा घाट जवळचा असला तरी तिथली वळणे आमच्या लांबीच्या गाडीला एका दमात घेता येत नाहीत, त्यामुळे तो विचार सोडून दिला. पहिल्याच खेपेला एक गोष्ट कळली : भरलेली टाकी म्हणजे १२० किलो वजन, आणि टाकीच्या आत आडव्या पट्ट्या नसल्या तर प्रत्येक वळणावर ते वजन हेलकावे खाते व गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी बाहेर जाते. तेव्हापासून घाटात टाकी पाव भरलेली ठेवतो आणि खाली उतरल्यावर भरून घेतो.

सर्वांत मोठा धडा मात्र खाडीवरच्या फेरीबोटींनी दिला. वेंगुर्ले, मालवण, देवगड करीत रत्नागिरीच्या पुढे किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेकडे जायचे तर शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड–तवसाळ, वाशिष्ठीवर धोपावे–दाभोळ आणि सावित्रीवर वेसवी–बागमांडला अशा तीन ठिकाणी गाडी बोटीत घालावी लागते. नाही तर खाडीला वळसा घालून कित्येक तास आतल्या रस्त्याने फिरत बसावे लागते. आमच्या गाडीच्या मागच्या चाकांपासून मागच्या दारापर्यंत जवळजवळ दीड मीटरचा भाग नुसता लोंबता आहे, आणि गाडी बांधणाऱ्याने सांडपाण्याची टाकी नेमकी त्याच्याच पोटाखाली टांगली होती. दाभोळला आम्ही ओहोटीच्या वेळी पोहोचलो. पाणी खाली गेलेले असल्यामुळे धक्क्याचा उतार तीव्र झाला होता. पुढची चाके फळीवर चढली आणि मागून करकर आवाज येऊन टाकीचा नळच तुटला. ओट्यावरची भांडी धुतलेले पाणी धक्क्यावर वाहू लागले तेव्हा मान वर करण्याचीही सोय राहिली नाही. बोटीवरच्या एका वयस्कर खलाशाने न रागावता सांगितले, की एवढ्या लांब शेपटीची गाडी असेल तर भरतीलाच यावे, आणि भरती कधी हे पाहायला मोबाइलही लागत नाही : तिथीला तीनने गुणून चाराने भागले की वेळ मिळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला सुकती. हिशेब ढोबळ आहे, पण त्यानंतरचे आमचे सगळे बेत घड्याळाऐवजी कालनिर्णय पाहून ठरू लागले, हे खरे. नवी टाकी आता दोन्ही चाकांच्या मध्ये, उंचावर घेतली आहे. गाडी बांधून घेणाऱ्यांनी चाकांमागचा हा भाग टेपने मोजूनच पुढचे पैसे द्यावेत.

भरतीचा आणखी एक प्रसंग देवगड तालुक्यातला. सुरूच्या बनाजवळ, कोरडी वाळू संपते तिथे आम्ही गाडी लावत होतो, तेव्हा जाळे आवरणाऱ्या एका बाई दुरूनच म्हणाल्या, “ओ वैनी, हय गाडी लावू नकात, उद्या पुनव आसा, रातीचा पाणी हयसर येता.” आम्ही गाडी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत घेतली. पहाटे उठून पाहिले तर आदल्या दिवशीच्या आमच्या चाकांच्या खुणा लाटेने पुसून टाकल्या होत्या.

आता एसीकडे येते. बॅटरीत पूर्ण भरल्यावर सुमारे अडीच किलोवॅट-तास वीज असते आणि एसी तासाला साधारण एक किलोवॅट-तास खातो, म्हणजे इन्व्हर्टरमधली तूट धरली तर दोन-सव्वादोन तासांत खेळ आटोपतो. मे महिन्यातली कोकणातली रात्र काही सव्वादोन तासांची नसते. सूर्यावर भिस्त ठेवावी तर गाडी उन्हात लावावी लागते, आणि उन्हात लावली की आत भट्टी होते. माडाच्या सावलीत लावली की आत बरे वाटते, पण पॅनेल जवळजवळ झोपी जाते. एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणातून जाड वायर ओढून घेतली तरच एसी चालला, आणि तिथेही संध्याकाळी दाब कमी असल्यावर चालला नाही. त्याउलट छतातला १२ व्होल्टचा पंखा आणि समोरासमोरच्या दोन जाळीच्या खिडक्या यांनी रात्री निभावल्या. फ्रिज, दिवे आणि पंखा एवढ्यापुरती ही सौर व्यवस्था चोख आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शौचालय लहान आहे, त्याची सुटी टाकी २० लिटरची, आणि ती दर दोन दिवसांनी खऱ्या शौचालयात नेऊन ओतण्याचे काम कोणालाच आवडत नाही (ते ह्यांच्याकडे आहे). तरीही लांबच लांब किनाऱ्यावर बाईमाणसाला आडोसा शोधत हिंडावे लागत नाही, चहा घेताना पुढच्या दोन तासांचा विचार करावा लागत नाही, याची किंमत पुरुषांना पूर्ण कळेल असे वाटत नाही. गाडीतली एकच वस्तू ठेवा असे कोणी म्हटले तर मी हीच ठेवीन.

खाऱ्या हवेबद्दल लोक सांगतात, पण ती इतक्या लवकर काम करील असे वाटले नव्हते. दुसऱ्याच महिन्यात कपाटांच्या बिजागऱ्या तांबूस झाल्या. स्टेनलेस म्हणून लावलेले स्क्रू ३०४ प्रतीचे निघाले. समुद्राजवळ ३१६ प्रतीचे लागतात, कारण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे मीठ त्यांना सहज पोखरत नाही. प्रत्येक सहलीनंतर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुणे हा आमच्याकडे आता नेम झाला आहे. दुसरी आपत्ती गादीखालची. पलंगाला सलग प्लायवुड लावलेले होते. अंगाची ऊब आणि दमट हवा यांमुळे जानेवारीत गादी उचलली तेव्हा खाली हिरवट बुरशीचा नकाशा उमटलेला दिसला. प्लायवुड काढून लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि प्रश्न सुटला. पाणी जिथे भराल तिथे आधी ओंजळभर चाखून पाहावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि ते एकदा टाकीत गेले की चार दिवसांच्या चहाची चव जाते.

खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट असे कारवारला उतरून मरवंतेपर्यंतही एकदा जाऊन आलो. मरवंतेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून महामार्ग. दृश्य अपूर्व आहे, परंतु रात्रभर ट्रकांचे हॉर्न ऐकत झोपावे लागते, म्हणून मुक्कामासाठी मला उत्तरेकडचाच किनारा बरा वाटला. गमतीची बाब म्हणजे ‘केए २२’ ही पाटी पाहून देवगडच्या पंपावर आमच्याशी हिंदीत बोलतात आणि “वीस लिटर घाला की” ऐकल्यावर हसून विचारतात, “बेळगावचे काय?” कारवारकडे तीच पाटी पाहून कन्नडमध्ये सुरुवात होते आणि तिथे आमची बाजारापुरती कन्नड तिसऱ्या वाक्याला दमते.

डिझेल सपाटीवर लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास पुरते, घाटात आठ. चिऱ्याच्या गडग्यांमधल्या बोळांत आणि खाली आलेल्या विजेच्या तारांखाली गाडी नेताना मी पुढे चालत जाते. एक मीटरने आखूड गाडी घेतली असती तर यातले बरेच चालणे वाचले असते. परतताना आंबोलीच्या पावसात छताच्या पंख्याभोवतीचा सिलिकॉनचा थर गळला, तो खरवडून तिथे ब्यूटाइलची पट्टी लावायची आहे. ते काम नारळी पौर्णिमेच्या आत होईल. एसी काढून त्या जागी पांघरुणांचे कपाट करावे असे मी सुचवले आहे. ह्यांनी अजून होकार दिलेला नाही, पण परवा तिथली रुंदी मोजताना मी त्यांना पाहिले.