एचफाइव्हपी: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय गळालं

ऑनलाइन अभ्यासक्रम ‘इंटरॅक्टिव्ह’ करायचा विषय निघाला की एचफाइव्हपीचं (H5P) नाव हमखास येतं. गेले काही महिने मी मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या व्यासपीठावरच्या जीवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी ते सतत वापरते आहे. माझे विद्यार्थी वेगवेगळ्या वयांचे आहेत. बरेचसे फोनवरूनच शिकतात आणि ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा येतात. सगळे एका वेळी हजर, असं कधीच होत नाही. पुढचं सगळं या पार्श्वभूमीवर वाचा. ठरावीक वेळी थेट तास घेणाऱ्यांची गरज वेगळी असते.

ओळख थोडक्यात करून देते. एचफाइव्हपी हे ऑनलाइन प्रश्न, खेळ आणि इतर उपक्रम बनवायचं मुक्तस्रोत साधन आहे, मूळचं नॉर्वेचं, २०१३ पासूनचं. मूडलच्या ३.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ते मूडलमध्येच अंगभूत येतं. वर्डप्रेस आणि द्रुपल या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालींसाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, मिळतो. यातलं काहीच हाताशी नसेल, तर लुमी नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकून त्यात मजकूर बनवता येतो. कोडिंग येण्याची अजिबात गरज नाही. फॉर्म भरत जायचं, एवढंच काम.

उपक्रमांचे प्रकार मात्र इतके आहेत की बघूनच हुरळून जायला होतं. स्मृतीचा खेळ, शब्दशोध, चित्रावरचे बिंदू, फिरणारी कार्डं, ओढून ठेवायचे शब्द. नव्याचे नऊ दिवस हे सगळं करून झालं. आज माझ्या अभ्यासक्रमात त्यातलं फारच थोडं शिल्लक आहे. स्मृतीच्या खेळात पेशीच्या भागांच्या जोड्या विद्यार्थी पटापट लावतात, पण त्यांच्या लक्षात राहते ती कार्डाची जागा, तंतुकणिकेचं काम नव्हे. शब्दशोधाबद्दल तर बोलायलाच नको.

टिकला आणि पुरून उरला तो इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ. आपला व्हिडिओ चढवायचा किंवा यूट्यूबचा दुवा द्यायचा, आणि हव्या त्या क्षणी तो थांबवून प्रश्न विचारायचा. (दुव्याचा व्हिडिओ तिकडून कुणी काढून टाकला की आपले प्रश्न लोंबकळत राहतात, म्हणून स्वतःचा व्हिडिओ असलेला बरा.) मध्ये थांबवण्याला संशोधनाचाही आधार आहे. हार्वर्डमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली ध्वनिचित्रित व्याख्यानाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी घेतली. ज्यांना अशी चाचणी दिली होती त्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटी त्यांना आठवलंही जास्त. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तेव्हा आधी व्हिडिओ छोटा करा. लांबलचक व्याख्यानात प्रश्न पेरून ते सुसह्य होत नाही.

प्रश्न कुठला विचारायचा, खरी मेख इथे आहे. ‘आत्ता मी काय म्हटलं?’ या छापाचे प्रश्न लिहायला सोपे असतात. विद्यार्थीही न बघता, पर्याय वाचूनच, ते सोडवतात. माझ्याकडे सगळ्यात जास्त काम केलं ते एका साध्या प्रश्नाने: ‘भर दुपारी, कडक उन्हात, हिरव्या पानात श्वसन चालू असतं का?’ वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, ही समजूत भल्याभल्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. खरं तर जिवंत पेशीला ऊर्जा चोवीस तास लागते, त्यामुळे श्वसन कधीच थांबत नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते झाकलं जातं, इतकंच. हा प्रश्न मी उत्तर सांगण्याच्या आधी विचारते. विद्यार्थी चुकतो, मग पुढचं स्पष्टीकरण कान टवकारून ऐकतो. आधी सांगून मग विचारलं की तोच प्रश्न मिळमिळीत होतो.

इथे एचफाइव्हपीची एक सोय बहुतेकजण रिकामीच सोडतात असं मी पाहिलं आहे. प्रत्येक पर्यायासाठी वेगळा अभिप्राय लिहिता येतो. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाचून कुणाला काय कळणार? त्याऐवजी ‘फक्त रात्री’ निवडणाऱ्याला मी विचारते, ‘मग दिवसा पेशींना ऊर्जा कुठून मिळते?’ आणि ‘अजिबात नाही’ निवडणाऱ्याला सांगते की श्वसन आणि श्वासोच्छ्वास या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चुका दोन असतील तर उत्तरंही दोन हवीत. हे लिहायला प्रश्नापेक्षा जास्त वेळ जातो. पण विद्यार्थ्याला समोर कुणीतरी आहे असं वाटायला लावणारी जागा मला या साधनात एवढीच सापडली.

चुकीच्या उत्तरावर व्हिडिओ मागच्या ठरावीक मिनिटाला नेऊन सोडण्याचीही सोय आहे. ती जपून वापरावी. कळलं नाही म्हणून चुकलेल्याला तोच खुलासा त्याच शब्दांत परत ऐकवून काय साधणार? मी त्याला त्याच संकल्पनेच्या दुसऱ्या उदाहरणाकडे पाठवते. ‘पुढे ढकलता येऊ नये’ हा पर्याय तर मी बंदच ठेवते. उजळणीला आलेल्या विद्यार्थ्याला शेवटची दोन मिनिटं बघण्यासाठी सगळा व्हिडिओ बघायला लावणं म्हणजे निव्वळ छळ.

आता मराठीत अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी खास. रिकाम्या जागा भरा हा प्रकार देवनागरीत वेगळाच वागतो. छोट्या शुद्धलेखनाच्या चुका स्वीकारण्याचा पर्याय त्यात आहे: छोट्या शब्दात एक, नऊपेक्षा जास्त अक्षरांच्या शब्दात दोन चुका माफ. पण इथली ‘अक्षरं’ आपली नव्हेत. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगळा मोजला जातो. त्यामुळे ‘प्रकाशसंश्लेषण’ला ‘प्रकाशसंश्लेशन’ लिहिलं तरी चालून जातं, ते एकवेळ ठीक. पण जमिनीतून पाणी शोषणारा भाग कोणता, याला ‘मुळे’ऐवजी ‘मुले’ लिहिलं तरी हिरवी खूण येते! पर्याय बंद करावा, तर ऱ्हस्व-दीर्घापायी बरोबर समजलेली माणसं नापास होतात. शिवाय ‘वाऱ्याने’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी निराळे. यावर उपाय म्हणजे पर्याय बंद ठेवून मान्य असलेली सगळी रूपं तिरकी रेघ देऊन स्वतः लिहायची: तंतुकणिका/तंतूकणिका/मायटोकॉन्ड्रिया. काम कंटाळवाणं आहे. म्हणून आता मी रिकाम्या जागा अगदी मोजक्या ठेवते आणि शब्द ओढून ठेवायला देते, कारण तिथे टंकायचं काही नसतं. त्यातही फोनचा विचार करावा लागतो. रुंद चित्रावर नावं ओढून ठेवायचा उपक्रम छोट्या पडद्यावर इतका आक्रसतो की बोटाखाली तीन-तीन चौकटी येतात.

ब्रांचिंग सिनॅरियो, म्हणजे निवडीनुसार वाट बदलणारा प्रसंग, बनवायला सगळ्यात किचकट आणि माझा सगळ्यात आवडता. सूक्ष्मदर्शक घरी नसलेल्यांसाठी मी त्यात सरावाचा प्रसंग केला आहे. काचपट्टी ठेवली, चित्र धूसर दिसतं, आता काय कराल? कुणी थेट ४० पटीचं भिंग लावून मोठा स्क्रू फिरवतो. पुढच्या पडद्यावर आच्छादनकाच तडकलेली असते. कमी शक्तीच्या भिंगापासून सुरुवात करणारा आणि मोठ्या भिंगावर फक्त सूक्ष्म स्क्रू वापरणारा पेशींपर्यंत पोचतो. ‘चूक’ हा शब्द कुठेच येत नाही, परिणाम दिसतो. बरेचजण मुद्दाम काच फोडायला परत येतात, आणि ते मला चालतं. सावधगिरी एकच: फाटे कागदावर आधी काढून घ्या. चौथ्या निवडीनंतर वाटांचं असं जंगल होतं की आपणच हरवतो. मी सध्या दोन-तीन निवडींनंतर सगळ्या वाटा एकत्र आणते.

गुणांबद्दल. मूडलमध्ये कुणी किती वेळा प्रयत्न केला आणि काय उत्तर दिलं याचा अहवाल मिळतो आणि तो वाचण्यासारखा असतो, गुणांसाठी नव्हे तर चुकांसाठी. एकाच चुकीच्या पर्यायावर बरेचजण अडकले की दोष बहुधा माझ्या व्हिडिओत निघतो. पण परीक्षेसाठी एचफाइव्हपी वापरू नका. उत्तरं तपासली जातात ती विद्यार्थ्याच्याच ब्राउझरमध्ये, त्यामुळे थोडी तांत्रिक जाण असलेल्याला ती शोधून काढता येतात. सरावाच्या साधनाकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. परीक्षेला मूडलची स्वतःची क्विझ आहेच.

इतकं सगळं करूनही एक गोष्ट राहतेच. मिशेलीन ची आणि रूथ वायली या दोन शिक्षण-संशोधकांनी २०१४ साली विद्यार्थ्यांच्या सहभागाच्या चार पायऱ्या मांडल्या: नुसतं ऐकणं, हाताने काही करणं, स्वतः काही नवं मांडणं, आणि एकमेकांशी बोलत समज घडवणं. ‘इंटरॅक्टिव्ह’ हे नाव त्यांनी फक्त शेवटच्या पायरीला दिलं आहे. त्या मापाने माझे बरेचसे उपक्रम दुसऱ्या पायरीवरच बसतात. एचफाइव्हपीमध्ये विद्यार्थी मजकुराशी बोलतो, दुसऱ्या विद्यार्थ्याशी नाही.

ही उणीव मी मूडलमधल्याच प्रश्नोत्तरी चर्चेने भरून काढते आहे. तिची खासियत अशी की स्वतः उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत, आणि लिहिल्यावरही संपादनाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे सहसा अर्धा तास, थांबावं लागतं. त्यामुळे पहिल्याचं बघून ‘मलाही असंच वाटतं’ लिहायची सोय उरत नाही. व्हिडिओतला पानाचा प्रश्न मी तिथे पुढे नेते: काळोख्या खोलीत आठवडाभर ठेवलेल्या झाडाचं वजन वाढेल की घटेल, आणि का? मग प्रत्येकाने आपल्याशी न जुळणाऱ्या एका उत्तराला प्रतिसाद द्यायचा. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात जे करून घेतलं, म्हणजे आधी मत द्या, शेजाऱ्याशी वाद घाला, मग पुन्हा मत द्या, त्याचीच ही संथ आवृत्ती. प्रतिसाद कधी दोन दिवसांनी येतो. तरी अभ्यासक्रमातला सगळ्यात जिवंत भाग हाच आहे, आणि त्यात एकही रंगीत बटण नाही.

तर घ्यावं का? एकटं दुकटं काम करणाऱ्या शिक्षकाने जरूर घ्यावं, पण इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ आणि ब्रांचिंग एवढ्या दोनच गोष्टींसाठी. बाकीचे प्रकार गरज पडेल तेव्हा उघडा. ज्यांच्याकडे दृष्टिहीन किंवा फक्त कीबोर्ड वापरणारे विद्यार्थी आहेत त्यांनी कोणता प्रकार सुलभ आहे याची एचफाइव्हपीच्या संकेतस्थळावरची यादी आधी बघावी, कारण सगळे प्रकार सारखे नाहीत. आणि प्रत्येक उपक्रमाची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवा. ती लुमीत उघडते, दुसऱ्या मूडलवर चढते, वर्डप्रेसवरही चालते. उद्या व्यासपीठ बदलावं लागलं तर एवढे कष्ट करून लिहिलेले अभिप्राय तरी पुन्हा टंकावे लागणार नाहीत.