एक नॉब, दोन ट्यूब, पाच वॉट: काही महिने वाजवल्यानंतरचा अनुभव

क्लासिक रॉकचा गिटार टोन हवा असेल आणि घरातच वाजवायचं असेल, तर पाच वॉटचा साधा ट्यूबचा (काचेच्या निर्वात नळ्यांनी सिग्नल वाढवणारा) अ‍ॅम्प घ्यावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ‘घरातच’ या शब्दाला एक अट आहे, ती पुढे येईलच.

माझा अ‍ॅम्प या जातीतला सगळ्यात साधा. प्रीअ‍ॅम्पला (सिग्नल आधी मोठा करणाऱ्या भागाला) एक १२एएक्स७ ट्यूब, आउटपुटला (स्पीकर चालवणाऱ्या भागाला) एक ईएल८४ ट्यूब, आणि पुढच्या पट्टीवर व्हॉल्यूमचा एकुलता एक नॉब. बेस नाही, ट्रेबल नाही, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) नाही, रिव्हर्ब नाही. त्याच खोक्यात आठ इंची स्पीकर. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हे सर्किट बऱ्याच कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचं आहे ते सर्किटबद्दल आहे.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे फेंडरचा पन्नासच्या दशकातला ट्वीड चॅम्प. त्यात आउटपुटला ६व्ही६ असे, पण बाकी मांडणी हीच: एक प्रीअ‍ॅम्प ट्यूब, एक आउटपुट ट्यूब, एक व्हॉल्यूम. शिकणाऱ्यांसाठी म्हणून विकला जाणारा हा अ‍ॅम्प १९७० साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी स्टुडिओत वापरला. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्येही जिमी पेजने सुप्रोचा छोटा अ‍ॅम्प वापरला होता. रेकॉर्डवर डोंगराएवढा वाटणारा आवाज कित्येकदा गुडघ्याएवढ्या खोक्यातून आलेला आहे. मला हे वाचून माहीत होतं, पण पटलं ते स्वतः वाजवल्यावरच.

त्या काळातल्या डिस्टॉर्शनचा (फाटलेल्या आवाजाचा) उगम कुठे होता हे कळलं, की वॉट कमी असण्याचं महत्त्व लक्षात येतं. साठच्या दशकातल्या मार्शलना मास्टर व्हॉल्यूम (आवाज आधी फाडून मग एकूण पातळी खाली ठेवू देणारा दुसरा नॉब) नव्हता. तो १९७५ च्या सुमारास आला. त्याआधी आवाज फाटावा असं वाटत असेल तर एकच मार्ग होता: व्हॉल्यूम इतका चढवायचा, की प्रीअ‍ॅम्पबरोबर आउटपुट ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागदी कोनसुद्धा आपापल्या मर्यादेला भिडला पाहिजे. आपण ज्याला क्रंच म्हणतो तो या सगळ्यांनी मिळून केलेला आवाज आहे. शंभर वॉटचा अ‍ॅम्प त्या जागी न्यायचा म्हणजे मोठं सभागृह हवं. पाच वॉटचा अ‍ॅम्प तिथे खोलीत पोहोचतो.

आकडा पाचच्याच आसपास का असतो, त्यालाही कारण आहे. ईएल८४ ची प्लेट साधारण १२ वॉट उष्णता सोसते. एकट्या ट्यूबने क्लास ए मध्ये पूर्ण लहर सांभाळायची म्हटलं, की त्यातली निम्म्याहून कमी शक्ती स्पीकरपर्यंत जाते आणि उरलेली उष्णता होऊन निघून जाते. म्हणून तर अर्धा तास वाजवल्यावर अ‍ॅम्पच्या मागच्या जाळीजवळ हात धरवत नाही.

आता ती अट. पाच वॉट म्हणजे हळू आवाज, असा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणजे ५० वॉटच्या अ‍ॅम्पपुढे ५ वॉटचा अ‍ॅम्प निम्म्या आवाजाचा वाटतो; दहाव्या हिश्श्याचा नाही. गिटारचा चांगला स्पीकर एका वॉटला एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल आवाज काढतो. पाच वॉट दिले की त्यात सातेक डेसिबलची भर पडते. बंद खोलीत हा आवाज खूप मोठा आहे, आणि नॉब पूर्ण उघडून रोज तासभर वाजवायचं तर कानात इअरप्लग हवेतच. मी वापरतो. भिंतीला भिंत लागून शेजारी राहत असतील, तर दुपारच्या वेळा ठरवून घ्या नाहीतर अ‍ॅटेन्यूएटरचा (स्पीकरकडे जाणारी शक्ती कमी करणाऱ्या उपकरणाचा) खर्च धरून चाला. अ‍ॅटेन्यूएटरने आवाज थोडा उतरवला तर टोन शाबूत राहतो. फार खाली आणला तर स्पीकरचा कोन फारसा हलतच नाही आणि मजा निम्मी होते.

मुख्य गोष्ट आहे आवाजाची. हंबकर (दोन कॉइलचं पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) असलेली गिटार, ब्रिजजवळचं पिकअप, अ‍ॅम्पचा नॉब घड्याळातल्या दोनच्या जागी. ए ची पॉवर कॉर्ड मारली, की पहिल्या क्षणी आवाज किंचित दबतो आणि मग पसरत जातो. कॉर्ड तशीच धरून ठेवली तर शेवटी मूळ सूर मागे पडून त्याचे वरचे स्वर ऐकू येऊ लागतात. पूर्ण मेजर कॉर्ड मारली तरी त्यातला प्रत्येक स्वर वेगळा ओळखू येतो, चिखल होत नाही. सत्तरच्या दशकातले रिफ या आवाजात वाजवायला घेतले, की लगेच जाणवतं की त्या लोकांनी आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी डिस्टॉर्शन वापरलं होतं. एसी/डीसी बँडच्या माल्कम यंगची रिदम गिटार नीट ऐका. तो आवाज जवळजवळ स्वच्छ आहे; जोर सगळा मनगटाचा आहे. पेडलवर गेन वाढवून मी वर्षानुवर्षं तिथे पोहोचू पाहत होतो, पण तो रस्ता तिकडे जातच नव्हता.

एकच ट्यूब सगळी लहर ओढते तेव्हा लहरीच्या दोन बाजू सारख्या कापल्या जात नाहीत. त्यातून समसंख्येचे हार्मोनिक तयार होतात, म्हणजे सर्वात आधी वरच्या सप्तकातला तोच सूर. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्यूब जोडीने काम करतात आणि आउटपुटला तयार झालेले हे समसंख्येचे हार्मोनिक एकमेकांना बऱ्यापैकी रद्द करतात. या छोट्या अ‍ॅम्पच्या आवाजाला जो गोडवा आहे, तो बऱ्याच अंशी इथून येतो असं मला वाटतं.

मला सगळ्यात जास्त दिलं ते गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने. अ‍ॅम्प एकदा वर नेऊन ठेवला, की पुढे सगळं गिटारवरून करायचं. गिटारचा व्हॉल्यूम दहावर असताना सोलो, सात-आठवर रिदम, चारच्या आसपास आणला की स्वच्छ, झणझणीत आवाज. मधल्या प्रत्येक जागेला स्वतःचा रंग आहे. शिवाय पिक किती जोरात पडलं हेही अ‍ॅम्प ऐकतो: हलक्या हाताने वाजवलं तर स्वच्छ, जरा जोर दिला की आवाजाला धार. मधे काही नसल्यामुळे हाताची प्रत्येक हालचाल थेट स्पीकरपर्यंत जाते. सुरुवातीचे काही आठवडे हे अवघड वाटतं, कारण डिस्टॉर्शन पेडलखाली झाकल्या जाणाऱ्या गोष्टी इथे उघड्या पडतात. नंतर उजवा हात आपोआप सुधारायला लागतो. माझ्या वाजवण्यात या महिन्यांत जो फरक पडला तो प्रामुख्याने याच एका कारणाने, आणि केवळ त्यासाठीसुद्धा मी हा अ‍ॅम्प पुन्हा घेईन.

एक तांत्रिक टीप: व्हॉल्यूम खाली आणल्यावर आवाज मंद, बुळबुळीत होत असेल तर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर (नॉबखालच्या भागावर) ट्रेबल ब्लीडचा, म्हणजे वरचे स्वर टिकवणारा, छोटा कपॅसिटर लावून घ्या. माझ्या हंबकरवाल्या गिटारला त्याने फार फरक पडला.

टोनचे नॉब नसल्याची खंत मला नाही. बेस-मिड-ट्रेबलचं नेहमीचं सर्किट सिग्नलचा बराच भाग खाऊन टाकतं आणि मधले स्वर पोखरतं. ते नसल्यामुळे या अ‍ॅम्पला मधले स्वर भरपूर आहेत, आणि रॉक गिटार जगते ती मधल्या स्वरांवरच. गिटारचा टोन नॉब मात्र वापरावा लागतो, जो आजवर बहुतेकांनी दहावर सोडून दिलेला असतो. सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपला ब्रिजवर तो सहाच्या आसपास आणला की टोचणारा कडकपणा जातो. पी-९० पिकअपची आणि या अ‍ॅम्पची जोडी तर अशी जमते, की ती गिटार हातातून खाली ठेववत नाही.

आता उणिवा. आठ इंची स्पीकर हा या अ‍ॅम्पचा कच्चा दुवा आहे. खालची ई तार जोरात मारली की आवाज पसरट होतो, फुसफुसतो, आणि एकूणच डब्यातून आल्यासारखा वाटतो. मागे आठ ओमचं स्पीकर आउटपुट आहे; तिथे आठ ओमचं बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट जोडलं आणि अ‍ॅम्प बदलल्यासारखा वाटला. खालचे स्वर आले, वरचे सौम्य झाले, आवाज खोलीभर पसरला. नवीन पेडल किंवा महागड्या ट्यूब घेण्याआधी पैसे इथे घालावेत, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. ओमचा आकडा मात्र जुळलाच पाहिजे. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची सवय असलेल्यांना हे सांगावंच लागतं.

हा मोठा मार्शल नाही, हेही स्पष्ट सांगतो. चार ट्यूबच्या अ‍ॅम्पमधून छातीवर येणारा खालच्या सुरांचा धक्का इथे मिळणार नाही. ड्रमरबरोबर स्वच्छ आवाजात वाजवायचं असेल तर हेडरूम (आवाज न फाटता मोठा होण्याची जागा) पुरत नाही. जोरात वाजवणारा ड्रमर असेल तर फाटलेल्या आवाजातसुद्धा आपण बुडतो. माइक लावून मोठ्या स्पीकरवर घेतलं तर प्रश्न मिटतो.

गुणगुण आहे. वीजपुरवठ्यातली जी गुणगुण जोडीच्या ट्यूबमध्ये आपोआप कमी होते, ती एकट्या ट्यूबमध्ये तशीच स्पीकरपर्यंत येते. वाजवताना कळत नाही. दोन सुरांमधल्या शांततेत कळते, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तर नक्कीच. चांगला अर्थिंग असलेला सॉकेट आणि संगणकापासून अंतर एवढ्यावर माझं भागतं.

पेडलांपैकी मला दोनच टिकाऊ वाटली. एक ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर वाढवून सिग्नल ढकलणारं पेडल): क्वीन बँडच्या ब्रायन मेचा आवाज व्हॉक्स एसी३० आणि ट्रेबल बूस्टर या जोडीतून आला, आणि एसी३० मध्येही ईएल८४ च आहेत, फक्त चार. त्यामुळे फाटण्याच्या बेतात असलेल्या या अ‍ॅम्पला बूस्टरने थोडं ढकललं, की सोलोला गाता आवाज येतो. दुसरं साधं ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल जास्त ठेवून. जड गेनचं डिस्टॉर्शन पेडल इथे व्यर्थ आहे. दोन्हीकडून दाबलेल्या आवाजाचा गोळा होतो. रिव्हर्ब हवा असेल तर तो रेकॉर्डिंगनंतर द्यावा, कारण फाटलेल्या अ‍ॅम्पच्या आधी, गिटारच्या बाजूला, लावलेला रिव्हर्बही फाटतो.

ट्यूब बदलून पाहण्याची हौस असेल तर प्रीअ‍ॅम्पपासून सुरू करा. १२एएक्स७ चा वर्धनांक (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००, ५७५१ चा ७० आणि १२एवाय७ चा ४४ च्या आसपास. १२एवाय७ ट्वीड काळातल्या बऱ्याच फेंडरमध्ये मूळचीच असायची. ती लावली की आवाज उशिरा फाटतो आणि सिंगल कॉइलला जास्त जागा मिळते. हंबकरला मला ५७५१ आवडली आणि सध्या तीच बसवलेली आहे. आउटपुट ट्यूब कॅथोड बायसवर (ट्यूबमधला प्रवाह आपोआप जुळवणाऱ्या रचनेवर) असल्यामुळे तीही बायस न जुळवता बदलता येते. मूळची प्रीअ‍ॅम्प ट्यूब काही महिन्यांनी मायक्रोफोनिक झाली. पेन्सिलने हलकंच टोकरलं की स्पीकरमधून टणटण ऐकू यायची. बदलली, प्रश्न संपला. ट्यूब बाहेरून बदलण्यापलीकडे चॅसिस मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये अ‍ॅम्प बंद केल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब उरलेला असू शकतो आणि तो जीवघेणा आहे. ते काम जाणकाराकडेच द्यावं.

रेकॉर्डिंगमध्ये हा अ‍ॅम्प खरा उजळतो. एसएम५७ माइक जाळीला जवळजवळ टेकवून, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखून ठेवला, की बाकी फारसं काही करावं लागत नाही. कडेकडून मध्याकडे सरकवला तर धार वाढते, बाहेरच्या बाजूला नेला तर ऊब. मी डावी-उजवी अशी दोनदा रिदम वाजवून घेतो, दुसऱ्यांदा वेगळी गिटार आणि गिटारचा व्हॉल्यूम जरा कमी. दोन्ही एकत्र ऐकताना हा पाच वॉटचा आवाज आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी बघा. मागे बाहेरच्या स्पीकरसाठी जॅक आहे का, आणि त्यावर ओम लिहिले आहेत का. नॉब पूर्ण उघडून, गिटार न वाजवता, गुणगुण किती येते. आणि अ‍ॅम्पचा नॉब पूर्ण उघडा ठेवून गिटारचा व्हॉल्यूम तीनवर आणल्यावर आवाज खरोखर स्वच्छ होतो का. तिसऱ्या परीक्षेत नापास झालेला अ‍ॅम्प, पुढची पट्टी कितीही देखणी असली तरी, तिथेच ठेवून यावा.